गादीवर कोण बसणार?

२०१९ सालचा उन्हाळा आमच्या माण तालुक्यात तरी कोणी विसरणार नाही. विहिरींचे तळ दिसत होते, टँकरच्या वाटेकडे डोळे लागलेले होते आणि जनावरे चारा छावणीत होती. अशा दिवसांत शेतात काम नसते. मग माणूस अंदाज बांधीत बसतो. त्या साली अंदाजांचे तर अमाप पीक आले होते. १५ एप्रिलला हवामान खात्याने सांगितले की यंदा देशात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस पडेल. लोकसभेची निवडणूक चालू होती. आमच्याकडे २३ एप्रिलला मतदान झाले आणि निकाल लागायचा होता २३ मे रोजी. त्यामुळे महिनाभर पारावर दिल्लीच्या गादीचीच चर्चा.

आणि तिसरी एक गादी होती. ती लोखंडाची होती, शत्रूच्या तलवारी वितळवून केलेली होती, आणि मुळात ती खरी नव्हतीच. तरीही तिच्यावर शेवटी कोण बसणार म्हणून जगभरातल्या कोट्यवधी माणसांचा जीव टांगणीला लागला होता. हवामान खात्याचा अंदाज आला त्याच दिवशी सकाळी त्या कथेच्या शेवटच्या सहा भागांपैकी पहिला भाग आपल्या देशात दिसला.

मी सांगते आहे ते ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या इंग्रजी मालिकेबद्दल. शहरात शिकायला गेलेले एखादे पोर घरात असेल तर हे नाव तुमच्या कानावर आले असेल. या मालिकेची आणि माझी गाठ कशी पडली, ते आधी सांगते.

माझ्या लेकीचे दिवस भरत आले होते. ती आणि जावई दोघेही पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. पहिले बाळंतपण माहेरी करायचे ही आपली रीत, पण घरी प्यायला पाणी नाही तिथे बाळंतिणीला कुठून आणणार? म्हणून मीच पुण्याला गेले. आमचे हे बैलजोडी आणि दोन गाई घेऊन छावणीत राहिले. रात्री तिथेच झोपायचे आणि भाकरी पुतण्याच्या घरून यायची.

लेकीच्या घरी दर सोमवारी पहाटेपासून लगबग. अमेरिकेत हा भाग रविवारी रात्री नऊ वाजता दाखवीत, आणि त्याच क्षणी आपल्याकडे सोमवारची सकाळ उजाडून साडेसहा वाजलेले असत. दिवसभर थांबले तर कोणीतरी शेवट सांगून टाकील या धास्तीने शेजारपाजारची पाच-सहा पोरे-पोरी सहालाच हजर व्हायची. मी चहाचे आधण ठेवायचे. कपाटाच्या दारावर एक मोठा कागद चिकटवलेला होता. त्यावर आडव्या-उभ्या रेघा मारून प्रत्येकाचे अंदाज लिहिले होते. कोण मरणार, कोण जगणार, कोणाला कोण मारणार, आणि सगळ्यांत खाली, गादीवर कोण बसणार. जो हरेल त्याने सगळ्यांना मिसळ खाऊ घालायची, अशी पैज.

‘आई, तूही लिही की,’ लेक म्हणाली.

मी म्हटले, ‘अगं, मला आधी गोष्ट तरी सांग.’

मग तिने चार संध्याकाळी बसून ती सगळी गोष्ट मला सांगितली. तुम्हांला मी ती थोडक्यात सांगते.

वेस्टेरॉस नावाचा एक कल्पित देश. तिथे सात राज्ये आणि त्यांची मिळून एक लोखंडी गादी. उत्तरेला बर्फाची एक प्रचंड भिंत आणि तिच्या पलीकडे मेलेल्यांचे सैन्य. हिवाळा आला की ते सैन्य चालून येणार. पण इकडे जिवंत माणसे आपापसांत गादीसाठी भांडत बसलेली. आपल्याकडे बांधाच्या कोर्टकचेरीत दोन भाऊ गुंतून राहतात आणि वरून टोळधाड येते, तसलाच प्रकार. या भांडणात उत्तरेच्या स्टार्क घराण्याची वाताहत होते. त्या घरची पोरे देशोधडीला लागतात: सान्सा, आर्या, पांगळा झालेला ब्रॅन, आणि अनौरस म्हणून वाढलेला जॉन स्नो. दुसरीकडे समुद्रापार डेनेरिस नावाची एक पोर. तिच्या बापाची गादी गेलेली, वाढलेली परदेशात, आणि सख्ख्या भावाने सैन्याच्या लोभाने तिला एका टोळीच्या सरदाराला देऊन टाकलेली. तिला दगड झालेली तीन अंडी मिळतात, त्यांतून ती तीन अग्नीमुखी ड्रॅगन जन्माला घालते, गुलामांच्या बेड्या तोडते आणि आपली गादी परत घ्यायला निघते. माझ्या लेकीचा सगळा जीव या डेनेरिसवर.

ही कथा जॉर्ज मार्टिन या अमेरिकन लेखकाची. तिचे पहिले पुस्तक १९९६ साली आले आणि पाचवे २०११ साली. एकूण सात पुस्तके लिहायचा त्यांचा बेत. त्याच २०११ च्या एप्रिलमध्ये एचबीओ या अमेरिकन वाहिनीने मालिका सुरू केली. ती आठ हंगाम चालली, एकूण ७३ भाग झाले. चित्रीकरणाचा मोठा भाग उत्तर आयर्लंडमध्ये झाला, आणि राजधानीचे शहर दाखवायला क्रोएशियातले डुब्रॉव्हनिक हे समुद्रकाठचे तटबंदीचे गाव घेतले होते. मालिकेमुळे तिथे इतके प्रवासी लोटले, की जुन्या गावातली गर्दी आवरायची कशी हा गावकऱ्यांपुढे प्रश्न पडला.

आता मुख्य गोष्टीकडे येते. लोक इतके अंदाज का बांधीत होते?

मला त्या कपाटावरच्या कागदात तीन तऱ्हेचे अंदाज दिसले. पहिली तऱ्हा खुणा वाचणाऱ्यांची. आपण नाही का, कावळ्याने घरटे कुठल्या फांदीवर बांधले ते बघतो, मुंग्या अंडी घेऊन कुठे निघाल्या ते बघतो, पंचांगात मृगाचे वाहन बेडूक आहे की उंदीर ते बघतो? मार्टिन यांनी आपल्या पुस्तकांत अशाच खुणा पेरून ठेवल्या होत्या. जॉन हा अनौरस नसून त्याची आई कोणी वेगळीच आहे, हे जाणत्या वाचकांनी पहिल्याच पुस्तकातल्या दोन-चार खुणांवरून ताडले होते. मालिका करण्याची परवानगी मागायला डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस हे दोघे लेखक २००६ साली मार्टिन यांना भेटले, तेव्हा मार्टिन यांनी त्यांना हाच प्रश्न घातला, की जॉनची आई कोण? दोघांनी बरोबर उत्तर दिले. पडद्यावर हे गुपित उघड झाले २०१६ साली. म्हणजे वीस वर्षे लोकांनी एक अंदाज जपून ठेवला आणि तो खरा ठरला! पेरलेले उगवते असा एकदा विश्वास बसला, की मग माणूस प्रत्येक ढेकळाखाली कोंब शोधतो.

दुसरी तऱ्हा मनाजोगते बोलणाऱ्यांची. ज्याला जॉन आवडे तो म्हणे जॉन, आणि ज्याला डेनेरिस आवडे तो म्हणे डेनेरिस. निवडणुकीतही असले अंदाज आपण ऐकतोच. तिसरी तऱ्हा हिशेबी लोकांची. ज्याने जे केले ते त्याला भरावेच लागेल, हा त्यांचा आधार. सर्सी राणीने इतक्यांचे तळपट केले, तेव्हा ती तिच्याच भावाच्या हातून मरणार, असे ते छातीठोक सांगत.

विलायतेत तर सट्टेवाल्यांनी या गादीवर पैसे लावून घेतले. शेवट बाहेर फुटू नये म्हणून मालिकावाल्यांनीही पराकाष्ठा केली. जॉनचे काम करणाऱ्या किट हॅरिंग्टनने तर शेवट आधी वाचलाच नव्हता. सगळ्या नटांसमोर संहितेचे वाचन झाले तेव्हा त्याला कळले आणि त्याला रडू फुटले. मागाहून दाखवलेल्या एका माहितीपटात हे आले आहे.

मी त्या कागदावर काही लिहिले नाही. माझा अंदाज गावाकडे अडकलेला होता.

दर रविवारी रात्री यांचा फोन यायचा. छावणीत एक व्यापारी फिरत होता. आमची खिल्लार जोडी त्याच्या डोळ्यांत भरलेली. हे विचारायचे, ‘काय करायचं गं? इकायची का ठेवायची?’ छावणी आहे तोवर वैरण मिळणार, पण छावणी उठली आणि पाऊस नाही आला तर घरी कडब्याची पेंडी नाही. तेव्हा जोडी मातीमोलाने जाणार. आणि आता विकून टाकली आणि मृग बरसला तर पेरायला बैल नाहीत. ९६ टक्के म्हणजे काय, हे आम्हांला कोण सांगणार? तो आकडा सगळ्या देशाचा. आमच्या साडेचार एकरांत त्यातले किती टक्के पडणार?

असे आमचे रविवार जात आणि सोमवार उजाडे.

तिसरा भाग २९ एप्रिलला आला. मेलेल्यांच्या सैन्याशी लढाई. ब्याऐंशी मिनिटांचा तो भाग, आणि त्याचे चित्रीकरण उत्तर आयर्लंडच्या थंडीत पंचावन्न रात्री चालले होते म्हणतात. पण पडद्यावर इतका अंधार की पोरे खिडक्यांना चादरी लावू लागली. जगभर हीच तक्रार झाली. छायाचित्रकाराने म्हटले की लोकांचे टीव्ही नीट लावलेले नाहीत. सगळ्यांचा अंदाज होता की मेलेल्यांच्या राजाला जॉन मारणार. मारले ते धाकट्या आर्याने, एका सुऱ्याने. शिकागोत बर्लिंग्टन नावाचा एक बार आहे. तिथे लोक जमून ही मालिका बघत आणि बघणाऱ्यांचेच चित्र टिपून ठेवीत. लेकीने मला ते दाखवले. आर्याचा हात चालला आणि ती सगळी माणसे टाळ्या पिटीत, एकमेकांना मिठ्या मारीत नाचू लागली. कुस्तीच्या फडात आपल्या गावचा पठ्ठा जिंकल्यावर फेटे उडतात, तेच. माणूस इथूनतिथून सारखाच.

चौथ्या भागात मात्र गंमत झाली. विजयाची मेजवानी चालू आहे, आणि डेनेरिसच्या पुढ्यात टेबलावर चक्क आजकालचा कागदी कॉफीचा कप! चित्रीकरणाच्या वेळी कोणीतरी विसरलेला. जगभर हसू झाले. वाहिनीनेही थट्टेवारी नेत सांगितले की राणीसाहेबांनी तर काढ्याचा चहा मागवला होता. मग त्यांनी चित्रातून तो कप पुसून टाकला. आमच्या घरातही पोरे तो कप पुन्हा पुन्हा बघून लोळत होती.

मी बघत होते ती कपामागे बसलेली बाई. सगळे लोक जॉनचे गुण गात होते. ज्यांच्यासाठी ती सैन्य घेऊन आली, आपली माणसे मातीत घातली, ते तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते. ती एकटी बसून नुसती हसत होती, आणि ते हसू तोंडावरून उतरत चालले होते. परक्या घरी नांदायला गेलेल्या बाईला असली पंगत ओळखू येते. त्याच भागात तिचा दुसरा ड्रॅगन मेला, जिवाभावाची सखी डोळ्यांदेखत मारली गेली. मी लेकीला म्हटले, ‘हिचं लक्षण बरं दिसत नाही गं.’

‘नाही आई,’ ती म्हणाली, ‘ती तशी नाही.’

लेकीने मनात एक बेत धरला होता, तो मला जावयांकडून कळला. मुलगी झाली तर खलिसी नाव ठेवायचे. डेनेरिसला तिची टोळी खलिसी म्हणे. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ राणी. ही कल्पना काही तिच्या एकटीचीच नव्हती. एकट्या २०१८ साली अमेरिकेत पाचशेहून अधिक मुलींची नावे खलिसी ठेवली गेली.

१३ मेचा पाचवा भाग. राजधानीला वेढा पडतो, शहर शरण येते, घंटा वाजू लागतात. युद्ध जिंकलेले असते. आणि त्या घंटा ऐकत असतानाच डेनेरिस आपल्या ड्रॅगनला वळवते आणि सगळे शहर जाळून टाकते. बाया, पोरे, म्हातारी माणसे, सगळी. हिशेबी लोकांचाही हिशेब चुकला. सर्सी भावाच्या हातून मेली नाही, भावाच्या मिठीत, कोसळणाऱ्या दगडांखाली मेली.

घरात कोणी बोलेना. लेक उठून आत गेली. मी मागोमाग गेले तर पोटावर हात ठेवून रडत होती. तुम्ही म्हणाल, नाटकातल्या बाईसाठी काय रडायचे? मी असे म्हणणार नाही. लेक वसतिगृहात होती, परीक्षेत एकदा मार खाल्ला होता, पुढे नोकरी लागेना, त्या सगळ्या वर्षांत ही बाई तिच्या सोबतीला होती. आपल्याला जसा एखादा अभंग सोबत करतो, तशी.

‘आठ वर्षं मी तिला ओळखते, आई. तिनं गुलाम सोडवले. ती लेकरं जाळील?’

मी म्हटले, ‘बाई, माणूस एकटा पडला की काय करील सांगता येत नाही. पण माणूस नासायलाही वेळ लागतो. दूधसुद्धा एका क्षणात नासत नाही, आधी वास बदलतो. तुझ्या ह्या लोकांनी तो वास नीट दाखवला नाही. एका आठवड्यात सगळं उरकलं.’

ती म्हणाली, ‘हेच! सगळे हेच म्हणताहेत.’

आणि खरेच, जगभरातले लोक हेच म्हणत होते. पहिल्या सहा हंगामांत दर हंगामाला दहा भाग होते. सातव्यात सात केले आणि आठव्यात सहाच. मार्टिन यांची पुस्तके पाचापाशी थांबलेली आणि मालिका त्यांच्या पुढे निघून गेलेली. पुढचा रस्ता मालिकेच्या लेखकांना मोघम ठाऊक होता, पण पाऊलवाट आखून दिलेली नव्हती. आधी एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला माणसांना भागच्या भाग लागत. आता ती चुटकीसरशी पोचू लागली. आपल्यापैकी कोणाला हे समजायला जड जाईल? ज्वारी हुरड्यात असताना कापली तर दाणा चिंबतो. पेरणी झाली, कोळपणी झाली, राखण झाली, आणि शेवटच्या पंधरा दिवसांची घाई केली तर चार महिन्यांचे कष्ट वाया जातात. हा शेवट आला म्हणून लोक चिडले, असे मला वाटत नाही. तो न पिकता आला म्हणून ते चिडले.

राग एवढा झाला की आठवा हंगाम पुन्हा नव्याने करा अशा मागणीच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. आमच्या घरातल्या एका पोरानेही केली. मला ते फारसे रुचले नाही. गवयाचा सूर चुकला तर श्रोत्याने नाक मुरडावे, त्याला हक्क आहे. पण तेच गाणे फिरून म्हणा असे सांगता येत नाही. हजारो कामगारांनी कडाक्याच्या थंडीत रात्री जागवल्या होत्या, त्यांच्या कष्टाचे मोल अशाने शून्य होते.

पण त्याच लोकांनी दुसरेही काही केले, आणि ते मला फार आवडले. डेनेरिसचे काम करणारी एमिलिया क्लार्क हिला २०११ आणि २०१३ साली मेंदूत रक्तस्राव झाला होता. मालिकेचे काम करता करताच ती त्यातून उठली. हे तिने जगाला सांगितले मार्च २०१९ मध्ये, आणि मेंदूच्या दुखण्यातून उठणाऱ्या माणसांसाठी तिने एक संस्था काढली. शेवटावर रागावलेल्या प्रेक्षकांनी या संस्थेसाठी वर्गणी काढली आणि काही दिवसांत हजारो पौंड जमवून दिले. कथेवरचा राग आणि माणसावरची माया त्यांनी वेगवेगळी ठेवली. हे सगळ्यांना जमत नाही. आपल्याकडे बांधावरचे भांडण लग्नाच्या मांडवापर्यंत येते.

शेवटचा भाग २० मे रोजी. त्याच्या आदल्या संध्याकाळी निवडणुकीचे अंदाजही टीव्हीवर सुरू झालेले, त्यामुळे घरात दोन्ही गाद्यांचा गोंधळ. शेवट असा झाला: जॉनने डेनेरिसला मारले. तिच्या शेवटच्या ड्रॅगनने मारेकऱ्याला सोडून ती लोखंडी गादीच जाळून वितळवून टाकली. मग उरलेल्या सरदारांनी पंचायत बसवली आणि पांगळ्या ब्रॅनला राजा निवडले, कारण साऱ्या भूतकाळाच्या गोष्टी त्याच्या स्मरणात होत्या. सान्सा उत्तरेची स्वतंत्र राणी झाली, आर्या गलबत घेऊन पश्चिमेला गेली, जॉन परत बर्फात. अमेरिकेत त्या रात्री हा भाग १ कोटी ९३ लाख लोकांनी पाहिला, त्या वाहिनीवरचा तो उच्चांक होता. पुढे सप्टेंबरात या मालिकेला एमीची बारा पारितोषिके मिळाली, त्यांत उत्कृष्ट नाट्यमालिकेचेही होते. म्हणजे नावे ठेवणारेही लाखो आणि बघणारे त्याहून जास्त. कपाटावरच्या कागदावर ब्रॅनचे नाव एकाच मुलीने लिहिले होते, तेही पैजेत काहीतरी वेगळे असावे म्हणून. मिसळ तिला मिळाली.

या सगळ्यावर मी पुष्कळ विचार केला. श्रावणात आमच्याकडे पांडवप्रताप लावतात. अभिमन्यू मरणार हे पोराबाळांना ठाऊक असते, तरी चक्रव्यूहाचा अध्याय आला की बाया पदर डोळ्यांना लावतात. १९८७-८८ साली रामानंद सागर यांचे रामायण दूरदर्शनवर चालले, तेव्हा सबंध वाडीत एकच टीव्ही होता. रावण मरणार की नाही यावर कोणी पैज लावली नाही. पण मालिका रामाच्या राज्याभिषेकाशी थांबली तेव्हा लोकांनीच मागणी केली की लवकुशांचाही भाग दाखवा, आणि तो पुढे दाखवावा लागला. ज्या कथेचा शेवट ठाऊक असतो, तिथेही माणसाला शेवट आपल्या डोळ्यांनी पुरता बघायचा असतो. ठाऊक असलेल्या कथेत आपण धीर शोधतो आणि ठाऊक नसलेल्या कथेत आपली पारख. दोन्हीकडे सांगणाऱ्याने एवढे मात्र पाळावे, की ऐकणाऱ्याने जितका जीव लावला तितका वेळ त्याला द्यावा.

आता बैलांचे काय झाले, ते सांगितले नाही तर तुम्ही मला सोडणार नाही. त्या शेवटच्या सोमवारच्या आदल्या रात्री यांचा फोन आला. व्यापारी दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन येणार होता. मी विचारले, ‘तुमचा स्वतःचा अंदाज काय?’ हे म्हणाले, ‘आभाळाचं कुणी सांगावं? पर मागल्या दारी पाहुणा आला म्हणून दावं सोडायचं, हे मला जमत न्हाई.’ मी म्हटले, ‘मग ठेवा.’ लेक दारात उभी राहून ऐकत होती. तिने कडब्याच्या पैशांची जोखीम स्वतःवर घेतली. ‘बाबांना सांग, बैल विकायचे नाहीत,’ म्हणाली. लग्नानंतर घरच्या शेतीत तिने घातलेला तो पहिला शब्द.

पाऊस केरळात ८ जूनला पोचला, आणि महाराष्ट्रात यायला आणखी बारा-पंधरा दिवस लागले. त्या जूनमध्ये देशात सरासरीपेक्षा ३३ टक्के पाऊस कमी पडला. आमची बाजरीची पेरणी हुकली. ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात महापूर आला, घरेच्या घरे पाण्यात गेली, आणि तेव्हाही आमच्या शिवारात धूळ होती. सप्टेंबरअखेर आमच्याकडे आभाळ फुटले. हंगाम संपला तेव्हा देशाचा हिशेब निघाला ११० टक्के. अंदाज ९६ चा होता. दोन्ही आकड्यांनी आमच्या रानाबद्दल काहीच सांगितले नव्हते. पण दावणीला जोडी होती म्हणून वाफसा येताच आम्ही ज्वारी पेरली, आणि ती दृष्ट लागावी अशी आली.

नातीचे नाव खलिसी ठेवले नाही. बारशाला आत्याने कानात सांगितले ते तिच्या पणजीचे नाव. लेकीने ते आनंदाने घेतले. डेनेरिस मात्र तिने टाकून दिलेली नाही. ‘शेवट तिचा वाईट केला म्हणून आधीची सात वर्षं खोटी होत नाहीत, आई,’ असे ती म्हणते. मला ते पटते. एका वाईट सालाने जमीन वाईट ठरत नाही.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याच घराण्याच्या पूर्वजांची नवी मालिका सुरू झाली. ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ तिचे नाव. रागावलेले तेच लोक पुन्हा पहाटे उठले आणि त्यांनी पुन्हा कागदावर रेघा मारल्या. शहाणी माणसे त्यांना हसली असतील. मी हसले नाही. गेल्या साली बी जळाले म्हणून यंदा चाडे हातात धरायचे नाही, असे आपण तरी कधी केले आहे? घरातली पोरे अशा एखाद्या कथेच्या शेवटासाठी जागत असतील तर त्यांना रागावू नका. जवळ बसा, कोण कोणाचा ते विचारा. बोलता बोलता ती आपल्या रानाचीही विचारपूस करू लागतात, असा माझा अनुभव आहे.